दादाच्या बॅटऱ्या, दाजींचा ट्रान्सफॉर्मर

आमच्या कुटुंबात विजेवर पोट असलेली माणसं दोन. माझा नवरा सबस्टेशनचा इंजिनियर. वीज आली की त्याचं काम झालं. माझा थोरला भाऊ, दादा, इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचा दुकानदार. वीज गेली की त्याचं काम सुरू. इतकी वर्षं दोघांचं गुळपीठ होतं, कारण सबस्टेशनमधला ट्रान्सफॉर्मर म्हातारा होता आणि माझ्या नवऱ्याला काही केल्या यश येत नव्हतं. दादा त्याच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक करायचा. हरणारा माणूस सगळ्यांनाच प्रामाणिक वाटतो.

मग नवा, दुप्पट ताकदीचा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला आणि दादाला लोककल्याणाची उबळ आली.

"दाजी, मला धंद्याची काळजी नाही," आमच्याच टेबलावर आमचाच चहा पीत तो म्हणाला. "काळजी आहे ती लोकांच्या तब्येतीची. एवढं मोठं धूड वस्तीत आणायचं? त्याच्या घरघरीने केस गळतात म्हणे."

नवऱ्याने त्याच्या टकलाकडे पाहिलं. "तुमचे जुन्यानेच गेले वाटतं."

दादाने लगोलग 'जागरूक नागरिक मंच' काढला. अध्यक्ष तो, आणि बाकीची सगळी, बॅटरीची वॉरंटी अजून संपली नव्हती अशी गिऱ्हाइकं. ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रेलर आला तेव्हा मंच वळणावर आडवा उभा राहिला.

"आमच्या छातीवरून न्या!" दादा गरजला.

ड्रायव्हरला छातीवरून न्यायची काही घाई नव्हती. त्याने इंजिन बंद केलं, सीट मागे टाकली आणि तोंडावर टॉवेल घेऊन झोपला. ऊन चढत गेलं. एकेका जागरूक नागरिकाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवायला लागलं. शेवटी दादा एकटाच उरला, आणि छाती एकच असल्यामुळे ट्रेलर बाजूने निघून गेला.

जुना काढून नवा जोडायचा, त्या रविवारी अख्ख्या भागाची वीज सकाळपासून बंद राहणार होती. आई दादाकडे राहते. तिची फुप्फुसं थकलेली, त्यामुळे ऑक्सिजनचं मशीन दिवसभर लागतं, आणि ते विजेवर चालतं. "त्या दिवसापुरतं आईंना मावशींकडे ठेवू या," नवऱ्याने सुचवलं होतं. दादा खो खो हसला. "हलवायाच्या घरी साखरेची काळजी करता, दाजी?"

रविवारी दुपार व्हायच्या आत वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. "इन्व्हर्टर कुंई कुंई करून गप्प झाला हो. आईंना छोटा सिलिंडर लावलाय, पण तो कितीसा पुरणार? आणि हे फोन उचलत नाहीत."

हे कसे उचलणार? शटडाऊनच्या कृपेने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

मी नवऱ्याला फोन लावला. "इथे कामासाठी जनरेटर चालू आहे," तो म्हणाला. "आईंना सरळ इकडे घेऊन ये."

अशी माझी आई, मांडीवर सिलिंडर आणि शेजारी मशीन घेऊन, रिक्षाने सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये दाखल झाली. मशीन सुरू झालं. हळूहळू ओठांचा निळेपणा उतरला, श्वास ताळ्यावर आला, आणि पाठोपाठ जीभही.

"जावईबापू, क्रेनचा तो दोर तिरका दिसतोय."

"आई, तो तसाच असतो."

"असेल. मी आपलं सांगितलं."

तेवढ्यात दादा धापा टाकत आला; वहिनीचा फोन त्याने शेवटी उचलला होता. "आई! तू इथे? लोक काय म्हणतील?"

"म्हातारी जिवंत आहे म्हणतील," आई म्हणाली. "घरची बॅटरी कशी रे मेली?"

दादा भिंतीवरचे मीटर वाचायला लागला. "चांगली होती ती परवा एका गिऱ्हाइकाला दिली. अडला होता बिचारा. तुझ्यासाठी दुसरी लावली होती की."

"जुनी."

"थोडीशी जुनी."

"तो अडला होता," आई म्हणाली, "आणि मी मोकळी होते."

मला चार-पाच झकास टोमणे सुचले होते, ते मी गिळले. दादा वायरच्या रिकाम्या रिळावर मटकन बसला. मग उठून आईच्या नाकाजवळची नळी सारखी करायला गेला. आईने हात झटकला नाही. नवऱ्याने त्याच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि एक अक्षर न बोलता बाहेर कामाला गेला. त्याचा हा मोठेपणा मला अजून खुपतो. निदान एक वाक्य तरी ऐकवायला हवं होतं!

संध्याकाळी ब्रेकर चढवला, धाडकन आवाज झाला आणि रस्ताभर दिवे लागले. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. वीज गेली की बोंब मारायची असते. आली की टीव्ही लावायचा असतो.

दुसऱ्याच दिवशी दादाने आईच्या खोलीत कोऱ्या करकरीत दोन बॅटऱ्या बसवल्या. वीज जायचीच बंद झाली, त्यामुळे त्यांच्यावर आता आई चष्मा ठेवते. दुकानात तो काही महिने माश्या मारत होता. मग त्याने एसी विकायला घेतले. धडाधड खपतात. भरवशाची वीज असली की लोकांना उकडायला लागतं.

गेल्या आठवड्यात दिवे एकदा नुसते मिचकले. तक्रारीचा पहिला फोन आमच्या घरी आला.

"दाजी, काय हा कारभार? माणसाने धंदा करायचा कसा?"