उजवे पारडे

मित्रांनो, लोहारीणबाईंच्या दुकानात शिरलात की भात्याच्या वर, खिळ्याला लटकलेला एक जुना तराजू दिसेल. दांडी जराशी वाकलेली, पारड्यांना पोचे आलेले. तो मी. माझ्याकडे कुणी निरखून बघू नये, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. आज मात्र सगळे सांगून टाकतो. तुम्ही अजून लहान आहात, तुम्हाला सांगितले तर काही उपयोग होईल.

मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवले. नुसता माझा काटा घासायला त्याने चार दिवस घेतले. शेवटी त्याने आपल्या दाढीचा एक केस माझ्या पारड्यात टाकला आणि मी झुकलो. तेव्हा तो हसून म्हणाला, "आता कुणाचं ऐकू नकोस रे बाबा." मी कुणाचे ऐकणार नव्हतोच. पण वस्तूला विचारतो कोण?

एका धान्यदुकानदाराने मला विकत घेतले. दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होते. दाराशी पोत्यांची चवड, आत लाकडी फळ्या आणि धान्याच्या भुशीने कायम पांढरट दिसणारी जमीन. दुकानदाराची बायको लवकर गेली होती. दोन मुले होती, थोरला दादा आणि धाकटी. त्या माणसाने दोघांना आईच्या मायेने वाढवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धाकटीची वेणी तो दुकान उघडण्याआधी गल्ल्यावर बसूनच घालायचा. आणि गावात त्याचे नाव असे की डोळे झाकून माल घ्यावा. बायका म्हणायच्या, त्याच्या पासंगाला दुसरा दुकानदार पुरायचा नाही. ते ऐकून माझी दांडी ताठ व्हायची.

मग एक वर्ष वाईट गेले. एका दुपारी त्याने दार लावून घेतले, मला ओट्यावर पालथे घातले, दिव्यावर लाख वितळवली आणि माझ्या उजव्या पारड्याच्या खाली वाटाण्याएवढे शिसे चिकटवले. वरून पितळेची चकती ठोकली. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला. दुकानात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हते, म्हणजे ते मलाच सांगितले असणार. पुढच्या वर्षी दुसरा वाटाणा आला. मग तिसरा, मग चौथा. वाईट वर्ष कधीच सरले होते, पण शिसे काही निघाले नाही.

त्याच सुमारास आमच्या दुकानात एक शिस्त सुरू झाली. माल उजव्या पारड्यात, माप डाव्या पारड्यात. पारडी बदलायची नाहीत, बदलली की दुकानाची बरकत जाते. धाकटी आठ वर्षांची असताना खेळता खेळता तिने डावीकडे धान्य ओतले, तर बापाने तिच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात एवढी एकदाच. नंतर तिला मांडीवर घेऊन तो स्वतःच रडत बसला. पोरगी ती गोष्ट विसरली नाही.

ती सोळा वर्षांची झाली त्या वर्षी कुणीतरी तक्रार केली आणि शिपाई दुकानात आले. दुकानदाराने मला घाईघाईने माळ्यावर ढकलले आणि शिपायांना नवाकोरा तराजू आणि आपली सगळी मापे दिली. आमच्या गावाचा कायदा कडक होता. खोट्या मापाला उजवा हात तोडायची शिक्षा. बेड्या घालून न्यायाधीशांपुढे उभा केलेला बाप भर चौकात ओरडला, "माझी मापं राणीच्या मापाशी ताडून बघा! रतीभर फरक निघाला तर दोन्ही हात घ्या!"

हे राणीचे माप म्हणजे काय, ते सांगायला हवे. फार पूर्वीच्या एका राणीने एक वजन ओतवून घेतले होते आणि गावातली सगळी मापे त्यावरून निघाली होती. ते बालेकिल्ल्याखालच्या तळघरात होते, आणि दोनशे वर्षांत तिथून कुणी जिवंत परतले नव्हते. न्यायाधीश म्हणाले, "आणा. तीन दिवस देतो." बापाची मापे खरीच होती, खोटा होतो तो मी. आणि राणीचे माप कोण आणणार, म्हणून तो निश्चिंत होता. बोलायला काय जाते! पण त्याची पोरे गर्दीत उभी होती आणि त्यांनी त्याचा शब्द खरा मानला.

दुसऱ्याच दिवशी तिघे निघाले. दादा गवंड्याच्या हाताखाली शिकलेला होता. ते तळघर त्याच्या उस्तादाच्या पूर्वजांनी बांधलेले, त्यामुळे तिथली युक्ती त्याला उस्तादाकडून कळली होती. माप उचलले की छतातून वाळू गळू लागते. शंभर श्वासांच्या आत मापाच्या जागी नेमके तेवढेच वजन ठेवायचे. चिमूटभराचा जरी फरक पडला तरी दाराचा दगड खाली येतो. तिसरी होती लोहाराची मुलगी. तिला सगळे ठिणगी म्हणत. दादाचे आणि तिचे लग्न ठरले होते. धाकटीने मला माळ्यावरून काढले, पदराने पुसले आणि पोत्यात घातले. "बाबांचाच तराजू नेऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कशाचा भरवसा नाही."

पहारेकरी तळघराकडे कुणालाच सोडत नसत, म्हणून भर दुपारी, पहारा बदलताना, ठिणगीने सांडपाण्याच्या तोंडावरचे गज कापले. गुडघाभर चिखलातून आम्ही आत गेलो. तळघर अगदी साधे होते, एखाद्या कोठीसारखे. भिंतींशी सोन्याच्या राशी होत्या. दादाने तिकडे नजरही टाकली नाही. मधल्या ओट्यावर दोन विटांएवढे ते काळे माप होते.

दादाने ते उचलले. वाळू गळू लागली. ठिणगी मोठ्याने श्वास मोजू लागली. धाकटीने मला छताच्या कडीला टांगले. माप डावीकडे ठेवले, उजवीकडे पिशवीत वाळू भरू लागली.

मित्रांनो, वस्तू एकमेकींशी बोलतात. माझ्या पारड्यात बसताच ते माप मला म्हणाले, "तू खोटं बोलतो आहेस." इतक्या वर्षांत मला तोंडावर असे कुणी म्हटले नव्हते. मी जीव खाऊन दांडी हलवायला बघितली. पण तराजूला आपल्या मनाने हलता येत नाही. काटा मधोमध येऊन थांबला.

"साठ," ठिणगी म्हणाली. "ए, एकदा पारडी बदलून बघ ना. आमच्या भट्टीवर तसंच करतात."

"आमच्यात बदलत नाहीत."

"अगं पण वेळ आहे अजून!"

"बाबांनी सांगितलंय. नाही म्हणजे नाही."

दादा हसला. "राहू दे गं. तराजूच्या बाबतीत ती बाबांहून हट्टी आहे."

त्याने दोघींना माप घेऊन दाराबाहेर उभे केले आणि वाळूची पिशवी ओट्यावर ठेवली. वाळू थांबली. आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला. मग भिंतीत काहीतरी कुरकुरले. दादाने मला कडीवरून ओढले आणि दाराबाहेर फेकले. दांडी वाकली ती तेव्हा. फेकण्यात त्याचा जो एक क्षण गेला, तेवढ्यात दगड खाली आला.

खाली बोटभर फट राहिली होती. आत वाळू आता धो-धो पडत होती. ठिणगीने घण काढला आणि दगडावर घालू लागली. दगडाला साधा ओरखडाही उठेना. धाकटी जमिनीला गाल लावून पडली होती.

"धाकटे," आतून आवाज आला, "वजन बरोबर होतं ना गं?"

"बरोबर होतं रे. काटा मधोमध होता."

पण तिचे डोळे माझ्यावर होते. आपटल्याने उजव्या पारड्याची चकती निघाली होती. शिशाचे चार काळे वाटाणे वर तोंड करून दिसत होते. ठिणगीनेही ते पाहिले. तिचा घण वरच राहिला. धाकटीने एक बोट ओठांवर ठेवले.

"मग असं का झालं?" दादाने विचारले.

"दगड जुना झालाय, दादा. दोनशे वर्षांचा आहे. तुझी काही चूक नाही. कुणाचीच नाही."

"बरं." मग जरा वेळाने, "बाबांना सांग, मापं बरोबर निघाली म्हणून. हात वाचला त्यांचा."

त्यानंतर तो ठिणगीशी बोलला. ते मी सांगणार नाही, ते तिचे आहे. हळूहळू फटीतून वाळू बाहेर येऊ लागली, आणि मग आवाज यायचा थांबला. अंधार पडेपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी चौकात न्यायाधीशांनी स्वतःच्या तराजूवर दुकानदाराची मापे एकेक करून ताडून पाहिली. एकातही फरक निघाला नाही. लोकांनी जल्लोष केला. शिपायाने बेड्या काढल्या. बाप धावत लेकीपाशी आला, तिला पोटाशी धरले आणि इकडेतिकडे बघत विचारले, "दादा कुठाय?"

"दादानं निरोप दिलाय," धाकटी म्हणाली. "मापं बरोबर निघाली म्हणून."

मग तिने पोत्यातून मला काढले. बापाचा चेहरा त्याच क्षणी पांढराफटक पडला. तिने मला उंच धरले. राणीचे माप डावीकडे, बापाचे तेवढेच माप उजवीकडे. आत्ताच सगळ्यांसमोर ताडून पाहिलेली, अगदी सारखी दोन मापे. माझे उजवे पारडे खाली गेले.

"एवढीच वाळू कमी पडली, बाबा," ती म्हणाली.

कुणीही न सांगता बाप चौकातल्या शिक्षेच्या ठोकळ्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि उजवा हात त्यावर ठेवला. धाकटीने मान वळवली नाही.

माझे शिसे ठिणगीने खरवडून काढले. लोहारीणबाई म्हणजे तीच. धाकटी आता बाजाराची मापे तपासते. कुठल्याही दुकानात गेली की पहिल्यांदा पारडी बदलते. तिचा बाप आमच्या दुकानात अधूनमधून येतो. डाव्या हाताने मला खाली घेतो, राख लावून लखलखीत करतो आणि न बोलता परत टांगतो. त्याने उजवे पारडे अजून एकदाही पालथे केलेले नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू घासूनपुसून ठेवाच. पण माझ्यासारखा तराजू हाती आला तर आधी त्याची पारडी पालथी करून बघा, मग तो तुमच्या बाबांचा का असेना. मला बोलता आले असते, तर तो दगड पडला नसता. तुम्हाला बोलता येते.