कशावर काय मारायचं

आमच्या गराजमध्ये एकवीस वर्षं एक पिवळी गाडी ताडपत्रीखाली झोपली होती. कॅनडात आल्यावर १९७६ साली घेतलेली ही आमची पहिली गाडी. अक्षराला, आमच्या लेकीला, हॉस्पिटलातून घरी आणली ती याच गाडीतून, हे सगळं खरं. पण या बंद गाडीमुळे माझी चालती गाडी आमच्या किचनर शहराच्या हिवाळ्यात बाहेर ड्राइव्हवेवर उभी असायची, आणि २०१७च्या फेब्रुवारीत तिच्यावरचा बर्फ काढताना मी घसरून पडले. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी मी नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, "अहो, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या शनिवारपर्यंत ही सुरू झाली तर ठेवा. नाही तर त्या दिवशी सकाळी दहाला भंगारवाल्याचा टो ट्रक येईल. मी आत्ताच बुक करून ठेवतेय."

"बघू," दीनानाथ म्हणाले. ते जन्मभर कारखान्यात इंजिनिअर होते, तेव्हा इंजिनाची त्यांना भीती नव्हती. पण ते "बघू" म्हणतात तेव्हा आतून घाबरलेले असतात, हे मला माहीत आहे. गाडी जाईल ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

उन्हाळाभर त्यांनी गाडी सुटी केली. जुलैत एक जुनी सँडब्लास्टिंगची पेटी विकत आणली. लोखंडी पेटी, वर काच, पुढे दोन भोकं आणि भोकांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाहेरून हात घालायचे, काचेतून बघायचं, आणि आतल्या बंदुकीने हवेच्या जोरावर बारीक खरखरीत कण मारून पार्टवरचा गंज उडवायचा. मला तर ती अगदी कमी दिवसांच्या बाळांच्या इन्क्युबेटरसारखी दिसली.

पेटीपाठोपाठ वाळूची पोती आली. लहान मुलांच्या खेळायच्या वाळूची, स्वस्तातली.

मी छातीची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले असले तरी डोकं रिटायर झालेलं नाही. नागपूरला शिकत असताना दगडखाणीतल्या तिशीतल्या माणसांचे एक्स-रे पाहिलेत मी. वाळूची ती धूळ एकदा फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

"नावात सँड आहे म्हणून सँड घालायची?" मी गराजमध्ये इतकी ओरडले, की शेजारची शोभा कुंपणापाशी आली. "गाडी चालू होईल आणि तुम्ही बंद पडाल!" पोती मी तिथल्या तिथे शोभाच्या नातवंडांना देऊन टाकली.

दीनानाथनी मान खाली घालून आणखी वाचलं. अक्रोडाच्या टरफलांचा चुराही मारतात, असं त्यांना कळलं. मग अक्रोडाचा चालतो तर नारळाचा का नाही, हा विचार फक्त आपल्याच माणसाला सुचू शकतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात फुटलेल्या नारळांच्या करवंट्या ते दोन पिशव्या भरून घेऊन आले आणि मी ग्रोसरीला गेलेली पाहून पुण्याहून आणलेल्या माझ्या मिक्सरमध्ये दळायला बसले. मी परत आले तेव्हा जार फुटलेला होता. जो काही चुरा झाला होता त्यात खोबरं चिकटलेलं. त्याने बंदुकीचं तोंड गच्च बुजलं. गराजमध्ये करपलेल्या नारळाच्या वड्यांचा वास आठवडाभर येत होता.

त्या दिवशी मी सूत्रं हातात घेतली. मिक्सरचा राग होताच, पण खरं सांगायचं तर मला अभ्यासाला काहीतरी हवं होतं. तीन रात्री मी वाचत बसले आणि गराजच्या भिंतीवर वॉर्डात लावतात तसा तक्ता लावला. गंजलेल्या लोखंडी ब्रॅकेटना ॲल्युमिनियम ऑक्साइड, कारण त्याला धार असते. तेच जर इंजिनावरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर मारलं तर झाकण खरवडून निघेल. त्याला काचेचे बारीक मणी, तेही हवेचा जोर कमी ठेवून. तेलकट पार्ट आधी धुऊन, वाळवून मगच पेटीत. आणि कार्ब्युरेटर, जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते, त्याच्या नळ्या केसासारख्या. त्यात एक मणी अडकला तर संपलंच. त्याला खाण्याचा सोडा, स्वयंपाकघरातला नव्हे, जरा जाड दाण्याचा. कुठे राहिलाच तर गरम पाण्यात विरघळून जातो.

"आणि आधी सगळी भोकं बुचं लावून बंद करायची," मी बजावलं. "बुचं मी लावणार, मीच काढणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं, डॉक्टर," दीनानाथ म्हणाले.

ते पाच आठवडे फार मजेत गेले. मी सकाळी मास्क लावून पेटीपुढे बसायची, दीनानाथ मागे इंजिन जोडत गुणगुणायचे. तपकिरी खपल्या उडून खालून राखाडी स्वच्छ लोखंड निघालं, की मी त्यांना हाक मारून दाखवायची. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम मी कधीच केले नाहीत, पण मनगट सुधारलं. रिटायर झाल्यापासून मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. त्या पाच आठवड्यांत खेकसले ते फक्त गंजावर.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी जोडून झाली. दीनानाथनी देवाला नमस्कार करून किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण पेटलं नाही. प्लग बदलले, तारा तपासल्या, बॅटरी बदलली. अंधार पडेपर्यंत तेच.

शनिवारी दहाला टो ट्रक आला. माझा शब्द मी मागे घेईन असं दीनानाथना वाटलंही नसावं, कारण मी तो कधी घेत नाही. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात गाडीचे कागद. "इंजिन माझं काम होतं," ते मला म्हणाले. "माझंच कुठेतरी चुकलं असणार. तुझं काम फर्स्ट क्लास होतं, नीरजा." आणि बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

ते मला बघवेना. आवराआवर करायच्या निमित्ताने मी बुचांचा डबा उघडला. पाकिटात वीस होती. डब्यात एकोणीस भरली. पुन्हा मोजली. सगळ्यात लहान, काळं बूच नव्हतं.

मग आठवलं. कार्ब्युरेटरला पेट्रोल आत येतं त्या भोकात ते मीच चिमट्याने खोल ढकललं होतं, सोडा जाऊ नये म्हणून. दीनानाथनी त्यावर पितळी जोड बसवला, कारण बुचं तपासायची मी त्यांना बंदी केली होती. पेट्रोल आत येणार कुठून? पोटात बोळा विसरून टाके घालणाऱ्या सर्जनांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं.

बाहेर साखळीचा आवाज आला. मी गप्प राहिले असते तर गराज माझं झालं असतं आणि कुणाला कधीच कळलं नसतं. एक क्षण, एकच, मी तो विचार केला. मग डबा घेऊन तशीच धावले.

"रुको!"

ट्रकवाला पंजाबी मुलगा दचकला. "आंटी जी, ले जाना है कि नहीं?"

"नहीं ले जाना." मग दीनानाथकडे वळून म्हणाले, "अहो, माझी चूक आहे. बूच आत राहिलंय. माझ्या हातून राहिलंय. तुमचं काही चुकलेलं नाही."

दीनानाथ बॉनेट उघडून वाकले. जोड खोलला, चिमटा आत घातला आणि मिरीएवढं काळं रबर बाहेर काढून माझ्या हातावर ठेवलं. आत बसले. इंजिन दोनदा खोकलं, निळसर धूर सोडला आणि सुरू झालं. पंजाबी मुलाने टाळ्या वाजवल्या, कुंपणापलीकडून शोभानेही.

मला वाटलं दीनानाथ आनंदाने ओरडतील. त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. मघाचं ते परत एकदा म्हण."

"काय?"

"माझी चूक आहे, ते."

मी म्हणाले. ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एकेचाळीस वर्षं, नीरजा," ते डोळे पुसत म्हणाले, "मला वाटायचं, या घरात चुका फक्त मीच करतो."

मला फार लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल तितकीच माया दाटून आली. मी त्यांच्या बाजूच्या सीटचं दार उघडलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.