बिवा सरोवराचा तळ

फुसाएबाईंनी गेले अकरा हिवाळे जपानातल्या बिवा सरोवरावर उभ्याने काढले होते. थंडीत सारं गाव रजईत पाय खुपसून बसायचं, तेव्हा या बाई फळीसारख्या तरंगत्या बोर्डवर उभं राहून वल्हं मारत असायच्या. "उन्हाळ्यात काय, कोणीही चढतं बोर्डवर," असं वर तोऱ्यात ऐकवायच्या.

यंदा शरदात त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तोरा उतरला. तोल सांभाळायचं कानाचं काम आता डोळ्यांनाच करावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरातसुद्धा भिंत धरून चालायची पाळी आली. त्यानंतर त्या चारदा पाण्यावर गेल्या आणि चारही वेळा गुडघ्यांवर बसूनच परतल्या. आज पाचवी खेप. आजही उभं राहता आलं नाही, तर बोर्ड मादोकाला देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तसं तिला सांगूनही टाकलं होतं.

मादोका त्यांच्याच हाताखाली शिकलेली. शेजारून वल्हं मारत ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. निघताना पलीकडे इबुकीचं पांढरं शिखर लख्ख दिसत होतं. त्याच्यावर नजर रोवायची आणि उठायचं, असा बाईंचा बेत होता. पण वारा पडला, गार हवेत पाण्यातून वाफ उठली आणि बघता बघता डोंगर, किनारा, सगळं गिळून बसली.

"परत फिरायचं का, फुसाएसान?"

"आत्ताच तर आलोय. तुला बोर्डची घाई झालेली दिसते."

"तो ओरखडलेला? फुकट दिलात तरी नको मला." मादोकानं आपला बोर्ड त्यांच्यासमोर आणला. "माझ्याकडे बघून उठा. मलाच इबुकी समजा."

"इबुकी एवढा डुलत नाही गं."

तरी त्यांनी मादोकाकडे बघत एक पाय रोवला, दुसरा उचलला. लगेच सगळं गरगरलं. बाई दोन्ही तळहातांवर आपटल्या आणि मान बोर्डच्या कडेबाहेर गेली.

खाली तळ होता.

हिवाळ्यात बिवाचं पाणी इतकं नितळ होतं की मध्ये पाणी आहे हेच ध्यानात येत नाही. दोन पुरुष खोल वाळूवरच्या वळ्या, शिंपले, दगडादगडाची कड स्वच्छ दिसत होती. थंडीनं सुस्तावलेले मासे जागच्या जागी थबकले होते. सगळं जग फिरत होतं, तळ तेवढा जागेवर होता.

पायाखाली बघितलंत की पडलात, हे बाई प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी दरडावून सांगत. स्वतःही तो नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. आज त्यांनी एका पांढऱ्या दगडावर नजर खिळवली आणि ती न हलवता एक पाय रोवला. मग दुसरा. हरवलेली सुई शोधावी तशी मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या.

मादोकानं वल्हं मारणं थांबवलं.

बोर्ड हळूहळू सरकला आणि वाळू संपली. तळाला तिथे कडाच होता. त्याच्यापुढे नुसता निळा अंधार, खाली, आणखी खाली. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली, आणि हात जोडावेत असंही वाटलं. वल्हं आडवं धरून त्यांनी बोर्ड कड्याच्या अलीकडेच थोपवला. या एवढ्या थोरल्या खोलीवरून आपण अकरा वर्षं मान ताठ ठेवून ये-जा केली, आणि हिला एकदा पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरून आले, तरी त्या पापणी हलवेनात.

वाफ विरली. ऊन पडलं.

"फुसाएसान, इबुकी दिसायला लागला," मादोका हलकेच म्हणाली. "आता वर बघा."

"तूच बघ त्याच्याकडे," बाई म्हणाल्या. "मला इथून नजर काढवत नाही."