कोटाच्या खिशातलं बूच

मी पितळेचं बूच बोलतोय. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माझी जागा कुणाच्या नजरेस पडत नाही. शिडाच्या लहान होडीला मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढं भोक असतं. होडी काठावर ओढून ठेवली की आत साठलेलं पाणी त्यातून वाहून जातं. पुन्हा पाण्यात सोडायच्या आधी मला त्या भोकात आटे फिरवून घट्ट बसवायचं. एवढंच माझं काम. पण मी नसलो तर होडी बुडते, त्यामुळे स्वतःला अगदीच क्षुल्लक समजायला माझं मन धजत नाही.

माझी होडी मामांची. त्यांच्या भाचीमुळे काठावरचे सगळेच त्यांना मामा म्हणतात. आई गेल्यावर तिला मामांनीच वाढवलं, शिकवलं. आता ती दवाखान्यांतली एक्स-रे मशीनं दुरुस्त करते. आज या शहरात, परवा त्या शहरात. सुट्टी मिळाली की होडीजवळ.

गेल्या वर्षी मामा एकटेच होडी घेऊन गेले होते आणि पाण्यातच त्यांना चक्कर आली. होड्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने बघितलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी एकट्याने जायला साफ मनाई केली. दुसऱ्याच दिवशी भाचीने मला भोकातून काढलं.

“हे माझ्याकडे राहील. मी आले की आपण दोघं जाऊ.”

“अगं, मी काय पळून चाललोय?”

“तुझा नेम नाही.”

“मग मलाच टाक की खिशात.”

मी तिच्या कोटाच्या खिशात गेलो आणि हबकलोच. समुद्राच्या तळाकडे तोंड करून राहिलेला मी, आता सुट्ट्या नाण्यांत आणि गोळ्यांच्या कागदांत लोळत होतो. स्टेशनं, विमानतळ, लिफ्टमधली गर्दी, हॉटेलातल्या अनोळखी खुंट्या. तपासणीच्या यंत्राखालून गेलो की ते हमखास ओरडायचं.

“हे काय?” एकदा एका पहारेकऱ्याने विचारलं.

“बूच.”

“कशाचं?”

“होडीचं.”

त्याने तिच्या मागे पाहिलं, जणू होडी रांगेत उभी असावी. “मग होडी कुठाय?”

“काठावर. हे इथे आहे, म्हणूनच काठावर आहे.”

तो हसला. ती नाही हसली. तिने मला पुन्हा खिशात टाकलं आणि वरून दोनदा चाचपलं. अशी ती दिवसातून कितीदा तरी चाचपायची.

सुट्टीला आली की येतानाच रंगाचा डबा आणि पॉलिशपेपर घेऊन यायची. जुना रंग खरवडायचा, फटी भरायच्या, दोर बदलायचे, शिडाचा उसवलेला कोपरा शिवायचा. मामा डबा धरून बसायचे. “पुरे की आता, वारा छान आहे,” असं हळूच म्हणायचे. “एवढं सुकू दे. पुढच्या खेपेला नक्की.” आणि गाडीची वेळ व्हायची. मी त्या वेळी खिळ्याला टांगलेल्या कोटात असायचो. माझं भोक चार पावलांवर, पण मला कुणी तिथवर नेलं नाही.

मग तो फोन आला. ती एका दवाखान्याच्या तळघरात मशीन उघडून बसली होती. पलीकडे रंगारी होता.

“ताई, मामा अजून आले नाहीत. वारा उलटा फिरलाय, म्हणून म्हटलं कळवावं.”

“कुठून आले नाहीत?”

“पाण्यातून. सकाळी होडी घेऊन गेलेत ना. फोन इथेच ठेवलाय, भिजतो म्हणून.”

“होडी कशी नेतील? बूच माझ्याकडे आहे.”

“ते मला नाही ठाऊक. तुम्ही गेलात की ते जातातच. होडीचा गाडा पाण्यापर्यंत ढकलायला मीच असतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

तिचा हात खिशात आला आणि मी त्याला सापडलो. मी सुन्न झालो. मी इथे आणि भोक तिथे! वर्षभर ते भोक कशाने बुजवत असतील? चिंधीने? बटाट्याने? आणि आज नेमकं तेच सुटलं असेल तर?

मशीन दुसऱ्याच्या हवाली करून ती निघाली. बसमध्ये सगळ्या वाटेवर मी तिच्या मुठीत. तळव्याचा घाम माझ्या आट्यांत उतरत होता. मधूनमधून ती फोन लावायची. “दिसले?” “अजून नाही, ताई.” मग फोनची बॅटरीच संपली.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. होडी काठावर, गाड्यावर होती. मामा शेजारी उभं राहून सदरा पिळत होते.

“वल्ही मारत यावं लागलं,” ते म्हणाले. “खांदे गेले कामातून.”

तिने फक्त मूठ उघडून मला त्यांच्यासमोर धरलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून होडीच्या तळातून काहीतरी ठोकून काढलं आणि माझ्या शेजारी ठेवलं. लाकडाचा काळपट, ओला गुटका.

“तुटक्या हातोड्याचा दांडा. तासून घेतला. पाण्यात फुगतो, घट्ट बसतो.”

खरं सांगतो, होडी बुडाली असती तरी मला इतका धक्का बसला नसता.

“वर्षभर?” ती म्हणाली.

“वर्षभर.”

“आणि चक्कर आली असती तर?”

“तर आडवा झालो असतो. होडीत जागा आहे.”

“चेष्टा नको, मामा. आपण दोघं जाऊ म्हणाले होते ना मी?”

“म्हणतेस की. येतेस, खरवडतेस, भरतेस, रंगवतेस, आणि जातेस. तू आलीस की होडी आजारी पडते बघ. गेलीस की बरी होते.”

रंगारी हसणार होता, पण तिचा चेहरा बघून मुकाट्याने ब्रश धुवायला वळला.

ती वाळूतच बसली. “मला वाटायचं, हे माझ्या खिशात आहे तोवर तुला काही होत नाही.”

मामा ओला सदरा खांद्यावर टाकून तिच्या शेजारी बसले.

सकाळी तिने रंगाचा डबा उघडला नाही. माझ्या आट्यांत कोटाचे धागे अडकले होते, ते स्वतःच्या दात घासायच्या ब्रशने काढले आणि मला भोकात फिरवून बसवलं. गाडा उतरणीवरून खाली गेला. वर्षभर कोरडा राहिलेला मी पाण्याच्या पहिल्या स्पर्शाने अक्षरशः हादरलो. सुकाणू तिच्याकडे होतं. बऱ्याच आत गेल्यावर तिचा हात आपसूक तळाशी आला आणि माझ्या डोक्यावर टेकला.

“येतंय का पाणी?” मामांनी विचारलं.

“नाही. कोरडं आहे.”

ती परत शहरांकडे गेली. आता मामा रंगाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय जात नाहीत. तरंगायचं जाकीटही घालतात. रंगारी कुरकुरतो, “मला पोहता येत नाही हो.” मामा म्हणतात, “म्हणूनच नेतो. भीतीने माझा डोळा लागू देणार नाहीस.”

लाकडाचा तो गुटका तिच्या कोटात गेला. मी मात्र इथेच, होडीच्या तळाशी आहे. बाई, कुठल्याशा तळघरात तुझा हात खिशात जाईल आणि पितळेऐवजी लाकूड लागेल, तेव्हा दचकू नकोस. मला पुन्हा न्यायला म्हणून येऊ नकोस. नुसती ये. इथे कोरडं आहे.