वेद्रानचं कार्ड

द्रावा नदीकाठच्या आमच्या गावात दवाखाना एकच, आणि घरोघरी जाऊन बाळंतिणींना भेटणारी नर्सही एकच, ती मी. एकोणीस वर्षं हेच करतेय. तरी वेद्रानच्या बाबतीत मी चुकलेच होते.

वेद्रान लाकूड कापायच्या गिरणीत कामाला. उंच, अबोल माणूस. त्याची मुलगी दोरा पाच आठवड्यांची, आणि तीन आठवड्यांत तो तिला सहाव्यांदा घेऊन आला होता. आधी श्वासाचा आवाज येतो म्हणून, मग उचक्या थांबत नाहीत म्हणून, मग शी हिरवी झाली म्हणून. डॉक्टर बिसेर्का दर वेळी तपासायच्या आणि पोर दर वेळी ठणठणीत निघायची.

त्या दिवशी रक्तदाब मोजायला बसलेल्या श्तेफित्सा आजी मोठ्याने म्हणाल्या, "अरे, बाळंतपण बायकोचं झालं की तुझं? इथेच एक खाट टाक की!"

सगळे हसले. मीही हसले. वेद्रानने दोराची टोपी नीट केली आणि तो खाली मान घालून निघून गेला.

दोन दिवसांनी खिडकीतून पाहते, तर हा बाहेर पायऱ्यांशी उभा. पोर जॅकेटच्या आत. दहा मिनिटं झाली तरी आत येईना. शेवटी मीच बाहेर गेले.

"काय झालं दोराला?"

"काही नाही."

"मग?"

"आज तिला काहीच झालेलं नाही, सिस्टर. आत येऊन काय सांगू, तेच सुचेना."

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. गाल आत गेलेले. पॅन्ट घसरू नये म्हणून पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं. मी पोर त्याच्याकडून घेतली आणि त्याला सरळ डॉक्टरांसमोर बसवलं.

"ल्येर्का, कार्ड काढ," डॉक्टर मला म्हणाल्या. मी दोराचं काढलं. "पोरीचं नाही गं. याचं."

ते कपाटाच्या तळाशी सापडलं. शेवटची नोंद नऊ वर्षांपूर्वीची, हात कापल्यावर दिलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची.

"माझं कशाला?" वेद्रान म्हणाला. "टाके यासेन्काला पडले. दूध ती पाजते. मी काय केलंय?"

"तुला कसं आहे, हे कोणी विचारलंय का?"

त्याने माझ्या हातातल्या दोराची टोपी पुन्हा नीट केली. मग एकदम बोलायला लागला. "मी तिचे श्वास मोजतो, डॉक्टर. थांबलो तर तिचा श्वासही थांबेल असं वाटतं. करवतीसमोर उभा असतो तेव्हाही डोक्यात मोजणी चालूच. कधीकधी वाटतं, मी नसतो तर या दोघींचं बरं झालं असतं."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो?"

"नाही. कुठेतरी निघून जावंसं वाटतं फक्त."

त्यांनी पुन्हा एकदा वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. उत्तर तेच आलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हा आजार आहे. बापांनाही होतो आणि बरा होतो. गिरणीतून दोन आठवडे रजा. जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे दर मंगळवारी जायचं. आणि दर शुक्रवारी दहाला इथे. पोर आजारी असो-नसो, कारण शोधत बसायचं नाही."

"यासेन्काला काय सांगू?"

"चल, मी येते बरोबर," मी म्हटलं.

यासेन्काने दार उघडलं आणि मला बघताच तिचे डोळे भरले. "परत नेलंस तिला? एवढाही विश्वास नाही माझ्यावर? तीन आठवडे वाटतंय, मला पोर सांभाळता येत नाही म्हणूनच तू पळतोयस दवाखान्यात!"

"तुला सगळं येतं गं," वेद्रान म्हणाला. "मलाच बरं नाहीये."

तिने त्याचा दंड धरला. "मग मला का नाही सांगितलंस, मूर्खा?"

"तू आधीच दमलेली."

"दमलेय, मेले नाहीये!"

तिने त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि समोर कोंबडीच्या सूपचा वाडगा आदळला. तो खात होता तेवढ्यात मी तिलाही शेजारी बसवलं आणि डॉक्टरांनी त्याला विचारलेले प्रश्न एकेक करून तिलाही विचारले. तिच्याकडेही सांगण्यासारखं बरंच होतं.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. पहिल्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं, त्या बदलाव्या लागल्या. एका शुक्रवारी तो तासभर एक शब्द न बोलता बसला आणि उठून गेला. पण पुढच्या शुक्रवारी आला. उन्हाळ्यात दोरा पालथी पडायला लागली, तेव्हा त्याने मला फोनवरचा व्हिडिओ तीनदा दाखवला.

सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी अकरा वाजले तरी त्याचा पत्ता नाही. मी यासेन्काच्या मोबाइलवर फोन लावला. तिने उचलला. मागे माणसांचा गलका आणि कोणीतरी बेसूर गात होतं.

"अगंबाई, आज शुक्रवार!" ती ओरडली. "आम्ही माझ्या भावाकडे द्राक्षं तोडायला आलोय. वेद्रान, अरे, दवाखाना!"

लांबून त्याचा आवाज आला, "मेलो! साफ विसरलो!"

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी हसून चष्मा काढला, त्याचं कार्ड जवळ ओढलं आणि पुढची तारीख आठवड्याऐवजी एक महिन्यानंतरची लिहिली.