सात नंबरची खाट

अकरावीला कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट बयोचा स्वतःचा होता. त्यामुळे विषय डोक्यावरून गेला तरी कुरकुरायला तोंड नव्हतं. प्रोग्रॅममध्ये क्लास कशाला म्हणायचं नि ऑब्जेक्ट कशाला, हे तीन आठवडे तिला उमगेना. शेवटी सरांनी खडू ठेवला.

"क्लास म्हणजे कोरा फॉर्म, ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला. आता घरच्यांच्या कामावर प्रोग्रॅम करून आणा. पंधरा दिवसांत."

बयोची आई इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती. बयो दोन रविवार तिच्याबरोबर गेली, टेबलाशी बसून सगळं टिपून घेतलं. खाट हा क्लास; तिच्यात नंबर, पेशंटचं नाव, आजार, ताप. बारा खाटा, बारा ऑब्जेक्ट.

"खरी नावं घालायची नाहीत हं," आईने बजावलं.

सात नंबरच्या आजोबांनी ते ऐकलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. हात थरथरायचे, पण कान तिखट. "माझं खरंच घाल गं. लोकांची नावं रंगवण्यात जन्म गेला, माझं कुठे लागलंच नाही. आणि वेलांटी चुकवू नकोस."

"घाल बाई," आई हसून म्हणाली, "हुकूम झालाय."

बुधवारी आजोबा गेले. संध्याकाळी त्या खाटेवर दुसरा पेशंट आलाही.

शुक्रवारी बयोने आईला प्रोग्रॅम दाखवला. नवा पेशंट भरती केला, तशी सात नंबरपुढे नवं नाव उमटलं.

"आणि आजोबा?" आईने विचारलं.

"त्यांच्या जागी हे आले ना."

"खाटेवर आले. त्यांच्या जागी कसे येतील?" आईचा आवाज चढला नाही. "आमच्या रजिस्टरात गेलेल्या माणसाचंही पान राहतं, बयो. फाडत नाही आम्ही."

बयोने नाव शोधून पाहिलं. कुठेच नव्हतं. पुसायचं तिच्या मनातही नव्हतं, पण पुसलं होतं तिनेच.

सोमवारी ती सरांकडे गेली. "सर, माझा क्लासच चुकलाय. मी पेशंटला खाटेचा भाग केलाय."

"चालतोय ना? मग दे. आज शेवटचा दिवस आहे. उशिराचे पाच मार्क जातील."

"जाऊ देत, सर."

तिने पेशंटचा वेगळा क्लास केला. खाटेला फक्त आत्ता कोण झोपलंय एवढंच ठाऊक. बाकी सगळं ज्याचं त्याच्यापाशी. एक दुरुस्त करावं तर चार बिघडत होती. मंगळवारी दुपारी सगळं जुळलं, आणि एका ओळीशी ती अडली. वॉर्डातून बाहेर पडण्याचं कारण तिने एकच ठेवलं होतं: घरी सोडलं. तिने दुसरं लिहिलं. मग किती वाजता, तेही हवं होतं.

"आई, आजोबा किती वाजता..."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "चार वाजून दहा मिनिटांनी. हात धरून होते मी."

त्या दिवशी घरी येऊन आईने हे सांगितलं नव्हतं. बयोने वेळ भरली, मग उठून उरलेल्या घड्या घालू लागली.

सरांनी पाच मार्क कापलेच. पण दुसऱ्या दिवशी बयोला फळ्यापाशी बोलावलं. "काय बदललंस ते सांग सगळ्यांना."

बयोने सांगितलं. उदाहरण मात्र तिने तीन नंबरच्या खाटेचं घेतलं, जिथला पेशंट बरा होऊन घरी गेला होता.