माव्हिसच्या शंखातून

मी खेकडा बोलतोय. शंख बोलतोय असं समजू नका. शंख माझा नाही, मी फक्त त्यात राहतो. आजवर आठ घरं बदलली आणि प्रत्येक वेळी स्वतः माप घेऊन बदलली. माझं पाठचं अंग मऊ आणि उघडं असतं, त्यामुळे घराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

जन्म समुद्रातला. अगदी चिमुकला असतानाच किनाऱ्यावर आलो, एक रिकामा शंख अंगावर चढवला आणि कायमचा जमिनीवरचा झालो. अंग वाढलं की जुना शंख सोडायचा आणि मोठा धरायचा. सोडलेल्या शंखात मागून येणारा धाकटा शिरतो. आमच्यात घर कुणाच्या नावावर नसतं.

पॉइंट हार्लनला होड्या पाण्यात सोडायचा उतार आहे, तिथे जेनीनने मला उचललं. तिची आई माव्हिस नुकतीच गेली होती आणि वडील क्लॅरी दिवसदिवस तोंड उघडत नव्हते. जेनीनने त्यांच्या स्वयंपाकघरात काचेची पेटी मांडली, ओली वाळू घातली, एक वाटी गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची ठेवली.

“खेकडा बोलतो का?” क्लॅरीने विचारलं.

“नाही. तुम्ही बोला, बाबा.”

आणि तो बोलायला लागला. आधी हवेबद्दल, मग गुणांवर खेळतात त्या इथल्या फूटबॉलच्या मैदानावरच्या गवताबद्दल. चाळीस वर्षं ते मैदान तोच राखत होता. गवताला पाणी तो घालायचा, सीमेच्या पांढऱ्या रेघा तो ओढायचा आणि सामना सुरू करणारा सायरनही तोच दाबायचा. ऐकून ऐकून मलाही गवतातलं बरंच कळायला लागलं.

माव्हिसबद्दल मात्र चकार शब्द नाही. खिडकीत तिचा एक शंख होता, गोल तोंडाचा, पगडीसारखा वळसेदार, लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत तिने वेचलेला. ती त्यात केसांच्या पिना ठेवायची. क्लॅरी रोज सकाळी तो उचलायचा, कानाशी हलवायचा, पिनांचा आवाज ऐकायचा आणि परत ठेवायचा. मी पेटीतून रोज बघत होतो. खरं सांगतो, माझी नजर त्या शंखाच्या तोंडावर होती. असलं घर नशिबानेच मिळतं.

आता माझ्या कीर्तीबद्दल. गावच्या फूटबॉल क्लबमधल्या लोकांनी मला भविष्यवेत्ता करून टाकलं होतं. सामन्याआधी क्लॅरी मला तिथे न्यायचा आणि टेबलावर दोन शंख मांडायचे, आपल्या गावाचा हिरवा आणि समोरच्यांचा लाल. मी ज्यात शिरेन तो संघ जिंकणार; सामना संपला की मी परत माझ्या घरात. तीन हंगामांत मी बहुतेक वेळा हिरवा निवडला, आपला संघही जिंकत गेला आणि लोकांनी मला डोक्यावर घेतलं. क्लॅरी हिरव्या रंगासाठी मुद्दाम चांगला, रुंद तोंडाचा शंख काढून ठेवायचा, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. मला भविष्य कळत नाही हो. मला माप कळतं.

चौथ्या वर्षी अंतिम सामना घरच्याच मैदानावर आला. समोर रीडी क्रीकचा संघ. क्लॅरी पहाटेपासून रेघा ओढण्यात गुंतला होता, म्हणून शंख रंगवायचं काम क्लबचा बार सांभाळणाऱ्या रॉस्कोने घेतलं. माणूस मोठा उत्साही. त्याने दोन्ही शंख भेटवस्तूंच्या दुकानातून उचलले आणि वर माझ्या अंगावरचा शंखही हिरवागार करून टाकला. मी आत असताना.

तो शंख मला आधीच घट्ट होत होता. त्यात ओल्या रंगाचा वास. सॉसेज भाजत होती, लोक पावात कांदा घालून खात होते, पोरंबाळं टेबलाला चिकटली होती, आणि माझा जीव गुदमरत होता. मला टेबलावर ठेवल्याबरोबर मी बाहेर आलो. हिरवा शंख चाचपला, त्याचं तोंड फटीएवढं. लाल चाचपला, आत रंगाचे ओघळ सुकून काटे झालेले. मग मी दोघांच्या मधून, सगळ्या गावासमोर, उघडाच चालत सॉसच्या बाटलीआड गेलो.

पोरंबाळं बाटलीमागे डोकावायला लागली.

“बरोबरी,” रॉस्को म्हणाला. “अंतिम सामना बरोबरीत. म्हणजे पुढच्या शनिवारी परत सामना, परत सॉसेज भाजायची.”

“रॉस्को, तुझं डोकं भाजायला हवं आधी,” जेनीन म्हणाली. तिने भांडी पुसायचं फडकं भिजवून माझ्यावर टाकलं. “बाबा, हा उघडा पडलाय. सुकत चाललाय. लवकर घर मिळालं नाही तर गेला.”

क्लॅरी सायरनच्या खोलीची किल्ली हातात घेऊन उभा होता. सामन्याला दहा मिनिटं उरली होती.

“दुकानातून दुसरा आणा,” तो म्हणाला.

“दुकानात सगळे असलेच आहेत, आणि मागच्या वर्षीचे याला लहान पडतील. याला होईल असा एकच शंख आहे गावात, आणि तो कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

“त्याचं नाव काढू नकोस.”

“बरं. नाही काढत.”

तिने फडक्याचा कोपरा उचलला आणि ती बाजूला झाली. क्लॅरीने मला पाहिलं. मीही त्याला पाहिलं. भीती वाटत होती, नाकारत नाही. पण मी चार वर्षं त्याचं बोलणं ऐकलं होतं. हा माणूस एका कोपऱ्यातलं गवत वाळलं तरी जेवायचा नाही.

त्याने किल्ली रॉस्कोच्या हातात दिली. “लांब दाब. मध्येच सोडू नकोस.” आणि तो गाडीकडे गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सायरन दुसऱ्याने दाबला.

तो परतला तेव्हा सामन्याचं पहिलं सत्र संपत आलं होतं. शर्टाच्या खिशात पिना वाजत होत्या. त्याने शंख खाऱ्या पाण्यात विसळला आणि माझ्यापुढे ठेवला. मी घाई केली नाही. कडा मोजली, आत नांगी घालून वळण पाहिलं, मग वळलो आणि मागच्या मागे आत शिरलो. कुठे रुतलं नाही, कुठे सैल पडलं नाही. आत अजून तिच्या केसांवर मारायच्या फवाऱ्याचा वास होता.

“मग याचा अंदाज काय धरायचा?” रॉस्कोने विचारलं.

“माव्हिस,” क्लॅरी म्हणाला.

तिच्या जाण्यानंतर त्याच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदाच आलं. जेनीन भांडी विसळायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

आपला संघ चार गुणांनी हरला. माझ्यावर खापर फोडायला कुणी आलं नाही, आणि त्यानंतर मला कुणी भविष्यही विचारलं नाही.

याला तीन वर्षं झाली. पिना चहाच्या एका मगात आहेत. क्लॅरी रोज सकाळी मला उचलतो, कानाशी नेतो, हलवत मात्र नाही. आता तो माव्हिसबद्दल बोलतो. तिचे हट्ट, तिचं पत्त्यांत फसवणं, तिने जाळलेले केक. मला ती पाठ झाली आहे.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आमची घरं रंगवू नका आणि किनाऱ्यावरचे सगळेच शंख घरी नेऊ नका. कुणीतरी मागून येत असतो.

मी परत वाढलोय. क्लॅरीच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. गुडघे दुखत असताना तो आठवडाभर किनारा तुडवत होता. काल त्याने पाच शंख, बिनरंगाचे, तोंड वर करून वाळूत ओळीने मांडले. तिसरा मी मोजून ठेवलाय, उत्तम आहे.

उद्या तुझा शंख रिकामा होईल, क्लॅरी. वरून पुसून खिडकीत ठेव, पिना आत घाल. हलवलास तर पिनांबरोबर थोडी वाळूही वाजेल. तेवढी माझी.